बांधावरचा वाळा

आजचा विषय गवत. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. गावाकडे वडिलांच्या वाट्याची जमीन आहे, पुरंदर तालुक्यात. तिच्या एका कोपऱ्यात आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि घरापुढच्या उतारावर काहीतरी लावायचं होतं. माझ्या अटी ठरलेल्या. मी राहतो पुण्यात, जातो फक्त शनिवार-रविवार, तेही रिलीज नसेल तर. त्यामुळे रोज पाणी नको, खत नको, कापाकापी नको, पण दिसायला झकास हवं. नर्सरीवाल्याने दोन मिनिटांत फाउंटन ग्रासच्या कुंड्या पुढे केल्या. कारंज्यासारखी झुकलेली पानं, वर मऊ तुरे. "साहेब, एकदम लो मेंटेनन्स. लावा नि विसरा."

वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवल्यावर "लावा नि विसरा" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या धंद्यात असं काही नसतं. जे विसरता येतं ते दुसऱ्या कुणीतरी लक्षात ठेवलेलं असतं. तरी मी सहा कुंड्या घेतल्या.

गावी पोचलो तर अण्णा ओट्यावर बसलेले. अण्णा म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ, वरच्या शेताचे मालक. त्यांनी कुंड्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "गवत विकत आणलंस? विहिरीकडच्या बांधावर वाळा आहे की. तो लाव."

मला वाळा म्हणजे माठात टाकायची मुळांची जुडी एवढंच ठाऊक होतं. बांधावरचं ते पुरुषभर उंच, दाट, करवती कडांचं गवत लहानपणापासून पाहत होतो, त्याने पाय कापून घेतले होते, पण हाच तो वाळा हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांचं असंच असणार. मुळं ओळखीची, गवत अनोळखी. त्या रात्री नेटवर शोधायला बसलो आणि पुढचे कित्येक शनिवार-रविवार त्यातच गेले.

तर आधी मुळांची गोष्ट.

संस्कृतात याला उशीर म्हणतात. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच प्रियंवदा उशिराचा लेप घेऊन निघालेली आहे, शकुंतलेचा दाह शमवायला. अकबराच्या काळात अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त खसच्या टट्ट्यांची नोंद केली आहे. त्यांवर पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात थंडी अवतरते, अशा अर्थाचं कौतुक त्यात आहे. पुढे इंग्रज साहेबांनी त्याच टट्ट्या बंगल्यांच्या दारांना लावल्या आणि त्या भिजवायला माणसं नेमली. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत ही मुळं उकळून अर्क काढत आले आहेत, आजही काढतात. जगभरात या गवताला 'व्हेटिव्हर' म्हणतात तो शब्द तमिळ 'वेट्टिवेर'वरून गेला. त्यातला 'वेर' म्हणजे मूळ. म्हणजे नावातसुद्धा मूळच!

शास्त्रीय नावाची कथा आम्हा प्रोग्रामर लोकांना जवळची वाटेल. लिनियसने १७७१ मध्ये याला 'फॅलॅरिस' या वंशात टाकलं. १९०३ मध्ये नॅशने 'व्हेटिव्हेरिया'त हलवलं, १९६० मध्ये रॉबर्टीने 'क्रायसोपोगॉन'मध्ये. नावाचा दुसरा भाग, 'झिझॅनिऑइडिस', तेवढा टिकला. फोल्डर बदलत गेलं, फाइल तीच. आजचं मान्य नाव 'क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस'.

आता माझ्या त्या सहा कुंड्यांकडे वळू, कारण "लावा नि विसरा" याचाही एक इतिहास आहे आणि तो फारसा चांगला नाही.

फाउंटन ग्रास मूळचं आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शोभेसाठी हवाई बेटांवर नेलं. काळजी घ्यावी लागत नाही हा गुण तिथेही होताच. वाऱ्यावर बी उडालं, लाव्हाच्या कोरड्या खडकांवर रुजलं. हे गवत वाळलं की झटकन पेटतं आणि आग गेल्यावर इतरांच्या आधी फुटतं. म्हणजे दर वणव्यागणिक त्याचा मुलूख वाढतो. आता हवाईत ते उपद्रवी तण म्हणून जाहीर झालेलं आहे. पम्पास ग्रासचंही तेच. दक्षिण अमेरिकेतलं हे गवत १८७० च्या दशकात जोसेफ सेक्स्टन नावाच्या नर्सरीवाल्याने कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला वाढवलं. त्याचे पांढरे तुरे दिवाणखान्यात ठेवायची तेव्हा फॅशन होती आणि ते जहाजांनी युरोपात जात. फॅशन गेली, गवत राहिलं. आज कॅलिफोर्नियात ते उपटायला माणसं लावावी लागतात आणि न्यूझीलंडमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

(नर्सरीवाल्यावर अन्याय नको. फाउंटन ग्रासची जांभळ्या पानांची जी जात बागांमध्ये लावतात ती सहसा बी धरत नाही. माझी मात्र हिरवी होती. तुरे झडायच्या आत मी ती उपटली.)

आपल्याला न विचारता जे जगतं, ते आपल्याला न विचारता पसरतंही. मग वाळा का पसरला नाही? आमच्याच बांधावर तो तीन पिढ्या होता. दोन्ही बाजूंना नांगरलेली, मोकळी जमीन. तरी त्याने ओळ सोडली नाही. हे कसं?

उत्तर सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात दोन चकरा मारल्या. वाळ्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. उत्तरेकडचा, भरतपूरच्या बाजूचा, रानटी. तो पाणथळ जागी उगवतो आणि त्याचं बी रुजतं. दुसरा दक्षिणेकडचा, लागवडीतला. त्याला तुरे येतात पण रुजणारं बी जवळपास धरत नाही. खाली धावती खोडंही नाहीत. एका ठोंबाचे फुटवे वेगळे करून माणसाने लावले तरच त्याचा दुसरा ठोंब होतो. १९९८ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि मार्क डॅफोर्न यांनी ठिकठिकाणच्या वाळ्याचे डीएनए तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. दक्षिण आशियाबाहेरच्या २९ देशांतून आलेल्या ६० नमुन्यांपैकी ५३ एकाच झाडाच्या प्रती निघाल्या. कॉपी-पेस्ट, पण हाताने, समुद्र ओलांडून.

म्हणजे या जातीचा बांधावरचा प्रत्येक ठोंब कुणीतरी वाकून लावलेला असतो. आणि 'न पसरणं' हा गुणही फुकट आलेला नाही. चांगल्या मुळांचे ठोंब निवडायचे, फोडायचे, शेजाऱ्याला द्यायचे, असं शेकडो वर्षं चालत आलं. हे करणाऱ्या एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. आपण ज्याला 'लो मेंटेनन्स' म्हणतो ते बऱ्याचदा आधीच करून ठेवलेलं काम असतं.

हे काम जगाच्या लक्षात कसं आलं तेही ऐका. १९५० च्या दशकात फिजीमध्ये एका साखर कंपनीत जॉन ग्रीनफील्ड नावाचे गृहस्थ कामाला होते. उतारावर ऊस लावायचा तर माती वाहून जायची. त्यांनी उताराला आडव्या वाळ्याच्या ओळी लावल्या. पानांची दाट भिंत पाण्याचा वेग मोडते, गाळ मागे अडतो, पाणी झिरपत पुढे जातं. गाळ चढला की वाळा त्या गाळातून नवी मुळं नि नवे फुटवे काढत वर येतो. कुणी न बांधता पायऱ्या तयार होतात. तीस वर्षांनीही त्या ओळी जागेवर होत्या.

१९८० च्या दशकात ग्रीनफील्ड भारतात आले, जागतिक बँकेच्या पाणलोट प्रकल्पांसाठी. तिथे रिचर्ड ग्रिमशॉ त्यांच्या जोडीला होते. आपल्याकडे एक नवं तंत्र घेऊन आलोय अशी त्यांची समजूत असणार. पण कर्नाटकात म्हैसूरजवळ गुंडलुपेटला पाहतात तो काय, शेतकऱ्यांनी शंभरेक वर्षांपासून शेतांच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी राखलेल्या! नवं तंत्र तिथे केव्हाचंच चालू होतं. फक्त त्याचं पुस्तक नव्हतं. ते पुस्तक १९८७ मध्ये निघालं, खिशात मावणारी एक पुस्तिका, आणि नंतर तिची अनेक भाषांत भाषांतरं झाली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने वाळ्यावर आख्खा अहवाल काढला. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी १९९१ पासून त्यात लक्ष घातलं आणि १९९६ मध्ये तिथल्या चिआंग राय इथे पहिली आंतरराष्ट्रीय वाळा परिषद भरली. आमच्या बांधावरच्या पाय कापणाऱ्या गवताची परिषद!

मग आपल्या दख्खनच्या पठारावर, जिथे माती वाहून जाण्याचा प्रश्न इतका जुना आहे, तिथे बांधोबांधी वाळा का दिसत नाही?

प्रयोग झाले. विदर्भात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने वाळ्यावर काम केलं. पण आपल्याकडच्या मृदसंधारणाची घडी त्याआधीच बसली होती. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला, आणि त्यानंतर समपातळी बांधांची कामं मोठ्या प्रमाणावर झाली. समपातळी रेषा ही सुंदर गोष्ट आहे. पाणी तिच्यावर कुठेच धावत नाही. अडचण एकच, ती सात-बाऱ्यावर नसते. ती एकाच्या शेतातून शिरते नि दुसऱ्याच्या शेतातून निघते. जॉन केर आणि एन. के. संघी यांनी १९९२ मध्ये नेमकं हेच मांडलं. सरकारी योजना समपातळी रेषा बघतात, शेतकरी आपली हद्द बघतो, आणि तो आपला बांध हद्दीवर घालतो. त्याचं चुकत नाही. जो बांध आपल्या मालकीचा आहे त्याचीच डागडुजी माणूस करतो.

शिवाय वाळा जुना झाला की गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. मूठभर वैरणही न देणाऱ्या गवतासाठी कोण खपणार? बाजारात मुळांना भाव आला तर दुसरंच संकट. मुळं काढायची म्हणजे ठोंब उपटायचा आणि जमीन उकरायची. जगातल्या वाळ्याच्या तेलाचा फार मोठा हिस्सा हैतीतून येतो, आणि तिथल्या उतारांवर मुळं खणल्यामुळे माती सुटून वाहते. जे गवत माती धरतं तेच उपटल्यावर माती सोडतं. बांधाचा वाळा आणि बाजाराचा वाळा वेगवेगळे ठेवायचे, हा यातला धडा.

आता आमच्या बांधाबद्दल. हे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले.

आमचं शेत खाली, अण्णांचं वर, मध्ये उताराला आडवा बांध. आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले तेव्हाची ही हद्द. विहिरीकडच्या अर्ध्या बांधावर पणजीने वाळा लावला होता, रांजणात टाकायला मुळं हवीत म्हणून. दर उन्हाळ्यात ती कडेचा एखादा ठोंब काढायची आणि त्या जागी फुटवे लावायची. उरलेला अर्धा बांध नुसता मातीचा. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की वरचे लोक बांध कोरतात. दरवर्षी नांगराचं एक तास बांधात घालतात आणि हळूहळू जमीन खातात. त्यावरून दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. आजोबा गेले तेव्हा वरच्या घरातून कुणी आलं नाही. अण्णा आणि वडील म्हातारपणी बोलायला लागले, तेही बांधाचा विषय टाळून.

घर बांधलं तेव्हा कागदपत्रांसाठी मोजणी करून घेतली होती. मोजणीच्या खुणा पडल्या, नकाशा हातात आला, तो मी कपाटात ठेवून दिला. वाळ्यावर वाचून झाल्यावर एका रविवारी तो काढला आणि दोरी नि टेप घेऊन बांधावर गेलो. सोबत अण्णा.

विहिरीकडची वाळ्याची ओळ मोजणीच्या रेषेवर तंतोतंत होती. इतक्या वर्षांत वीतभरही हलली नव्हती. तिच्या मागे अण्णांच्या शेतात माती हातभर उंच चढलेली, सपाट, काळी. तिथून दोरी पुढे ताणली, मोकळ्या अर्ध्या बांधाकडे. तिथे बांध रेषेच्या बाहेर गेला होता, टोकाला चांगला दोन हात. पण खाली नाही, वर. म्हणजे अण्णांच्या शेतात. नांगराचं तास आमच्या बाजूने चाललं होतं. बांध आम्ही कोरला होता.

एवढंच नाही. कोरून कमकुवत झालेल्या बांधात ओघळी पडल्या होत्या आणि त्यांतून अण्णांची माती आमच्या शेतात येऊन बसली होती. जमीनही आमच्याकडे, मातीही आमच्याकडे, आणि तक्रारही आमचीच.

मी दोरी धरून उभा राहिलो. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"वाळा सरळ आहे आणि पुढचा बांध वाकडा आहे हे आंधळ्यालाही दिसतं," ते म्हणाले. "तुझ्या आज्याला पण दिसत होतं." मग थोड्या वेळाने, "मृगाच्या आधी ठोंब काढून ठेव. पाऊस पडला की लावू."

तर लावला. कसा ते सविस्तर सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

पणजीच्या ओळीतले, कडेचे नव्हे तर जिथे गर्दी होती तिथले ठोंब कुदळीने काढले. दोन-तीन फुटव्यांची एक जुडी, अशा जुड्या केल्या. पानं वीतभर ठेवून छाटली, मुळं चार बोटं ठेवून. ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवल्या, कारण मुळं सुकली की संपलं. चांगला पाऊस होऊन जमीन भिजल्यावर, मोजणीच्या रेषेवर चर मारून, पाच-सहा इंचांवर एकेक जुडी दाबून लावली. अंतर वाढवायचा मोह होतो, ठोंब वाचतात म्हणून. वाढवू नका. फट राहिली की पाणी नेमकं तिथूनच धावतं.

पहिली चूक मी केलीच. आंब्याखालच्या तुकड्यातही लावला. वाळ्याला पूर, दुष्काळ, वणवा सगळं चालतं, कारण त्याचा जीव जमिनीलगतच्या गड्ड्यात असतो आणि मुळं दहा-बारा फूट खोल जातात. पण सावली चालत नाही. आंब्याखालचा सगळा गेला. दुसरी चूक, पहिल्या पावसाळ्यात दोन वेळा खुरपणी करायची ती कंटाळ्याने एकदाच केली. तणाने काही जुड्या दाबल्या. पुढच्या जूनमध्ये नांग्या भराव्या लागल्या. पाऊस लांबला तेव्हा घागरीने पाणी घातलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओळ बऱ्यापैकी मिटली. आता वर्षातून दोनदा गुडघाभर उंचीवर कापतो. फुटवे दाट येतात आणि कोवळा पाला अण्णांची म्हैस खाते. बाकी पाला आच्छादनाला. ओघळी बुजल्या आहेत. ओळीमागे गाळाची पहिली पायरी दिसायला लागली आहे, चारेक बोटांची.

घरापुढच्या उतारावरही वाळाच आहे, तीन ओळी. वाऱ्यावर झुलतो, ऑक्टोबरात जांभळट तुरे येतात. पाहुणे विचारतात, कुठलं इंपोर्टेड गवत हे? :)

आणि हो, याला आता काही करावं लागत नाही. लावा नि विसरा म्हणाना. फक्त पहिली दोन वर्षं विसरायचं नाही, आणि ते कुणी लावलं होतं तेही विसरायचं नाही.

कुणाला ठोंब हवे असतील तर मृगात या. फुकट आहेत. अट एकच: आधी बांध मोजून घ्या.